आजोबांची १८७४ ची मार्टिनी: कोणत्या पुस्तकावर भरवसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. खानापूर तालुक्यात तुमच्या घरी आजोबांच्या नावावरची एक जुनी एकबारी रायफल आहे. खालची तरफ ओढली की आतला ठोकळा खाली जातो, एक काडतूस बसतं, तरफ वर घेतली की बंद. मॅगझिन नाही. या घडणीच्या ब्रिटिश रायफलीला मार्टिनी म्हणतात. उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली व्ही.आर., एनफिल्ड, १८७४ आणि रोमन दोनचा आकडा आहे. लायसनवर नुसतं 'एसबीबीएल' लिहिलंय. घरातली मोठी माणसं सांगतात की ही कित्तूरच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या बंडातली. तुम्ही नेटवरून एक पुस्तक उतरवून घेतलंत, तर त्यात मार्क टू, म्हणजे रोमन दोनच्या आकड्याचा सुधारित नमुना, १८७७ साली आली असं दिलंय. मग १८७४ ची मार्क टू कशी? रायफल नकली की पुस्तक चुकीचं? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "भरवशाचं एकच पुस्तक सांगा, महाग असलं तरी घेतो."

बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडच्या वाड्यांतली आणि पलीकडे कोल्हापूर, सांगली भागातली जुनी हत्यारं बघून त्यांच्या नोंदी करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्या कामात पुस्तकांशिवाय पान हलत नाही. तरीही एकच पुस्तक सांगा म्हटल्यावर मला थांबावं लागतं. कारण बंदुकांवर लिहिणारा कुठलाही लेखक सगळ्या बाबतीत सारखा भरवशाचा नसतो. ज्या गोष्टीचा पुरावा त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलाय, तेवढ्यापुरता तो भरवशाचा. एकाने सरकारी कागद आणि कारखान्यांच्या नोंदी चाळलेल्या असतात; त्याची सालं पक्की असतात. दुसऱ्याचं आयुष्य कामाच्या टेबलावर रायफली खोलण्यात गेलेलं असतं. स्प्रिंग कुठली, पिन कुठली, याबाबत त्याचा शब्द पक्का, पण इतिहास त्याने ऐकीव लिहिलेला असतो. तिसरा या दोघांची पुस्तकं समोर ठेवून रंगीत चित्रांचा जाड ग्रंथ काढतो. तो दिसायला सगळ्यात देखणा असतो आणि चुका सगळ्यात जास्त त्यातच सापडतात, कारण एकाने केलेल्या चुकीची पुढच्या प्रत्येकाने री ओढलेली असते.

म्हणून मी आधी रायफलीला काय विचारायचंय ते ठरवतो आणि मग त्या प्रश्नाचं पुस्तक शोधतो. तुमच्याच १८७४ वर हे करून बघू.

मार्टिनी-हेन्री ब्रिटिश सैन्यासाठी १८७१ साली मंजूर झाली. मार्क टू १८७७ ची, मार्क थ्री १८७९ ची, आणि लांब तरफेची मार्क फोर १८८८ ची. म्हणजे तुमच्या पुस्तकातलं साल बरोबर आहे. पण उजव्या अंगावर कोरलेलं साल हे ती अ‍ॅक्शन, म्हणजे ठोकळा-तरफेची यंत्रणा, कारखान्यात तयार झाली तेव्हाचं असतं. मार्क वनच्या बऱ्याच रायफली नंतर परत घेऊन मार्क टूच्या नमुन्याप्रमाणे सुधारल्या गेल्या. अंगावरचं साल जुनंच राहिलं, मार्कचा आकडा मात्र बदलला. १८७४ आणि रोमन दोन एकाच रायफलीवर दिसणं यात संशयाचं काहीच नाही. तुमच्या सर्वसाधारण पुस्तकात मार्टिनीला दीड पान दिलेलं असेल, तर त्यात एवढा तपशील मावत नाही. फक्त मार्टिनीवरच शेकडो पानं लिहिणाऱ्याकडे तो मिळतो. रायफलही खरी आणि पुस्तकही खरं असू शकतं. पुस्तक तुमच्या प्रश्नाला अपुरं पडलं, इतकंच.

आता घरच्या आठवणीबद्दल, आणि हे मी जपून लिहितो, कारण मोठ्या माणसांचा शब्द खाली पडावा असं मला वाटत नाही. रायण्णांना नंदगडला फाशी झाली ती १८३१ साली. कित्तूरची लढाई १८२४ ची. धातूच्या काडतुसाची, मागून भरायची मार्टिनी तेव्हा जगात कुठेच नव्हती. त्या काळात आपल्या भागात तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुका चालायच्या, नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून. तेव्हा ही रायफल त्या बंडातली असूच शकत नाही. पण आठवण निराधार असेल असंही नाही. अनेक घरांत मी असं बघितलंय की आधी एखादी ठासणीची बंदूक होती, ती मोडली, जमा झाली किंवा वाटणीत गेली, आणि तिची गोष्ट पुढे घरात उरलेल्या दुसऱ्या बंदुकीला चिकटली. आज्जी किंवा काका असतील तर विचारा: याआधी घरात दुसरी बंदूक होती का? कुणी बघितली होती का? अशा बंदुकांसाठी पुस्तकंही वेगळी लागतात. भारतीय शस्त्रांवर जी. एन. पंत यांचे खंड आहेत, एगर्टन यांचं एकोणिसाव्या शतकातलं सचित्र पुस्तक आहे, आणि रॉबर्ट एल्गुड यांनी पश्चिम आशिया ते हिंदुस्थानपर्यंतच्या बंदुकांवर केलेलं काम आहे. मार्टिनीबद्दल त्यांच्यात शोधत बसू नका. ठासणीच्या बंदुकीसाठी मात्र तिथूनच सुरुवात करा.

पुस्तक मागवण्याआधी रायफल नीट वाचून घ्या. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण घाईत टाळतात. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजली जातात. दरवर्षी हळदकुंकू वाहिलं जातं, त्यावर तेलाचा हात फिरतो आणि कोरीव शिक्क्यांत तांबूस-काळा थर घट्ट बसतो. त्या थराखाली मुकुटाचा आकार फुलासारखा दिसतो, तीनचा आठ दिसतो, आयचा एल होतो. तो काढायला पॉलिश पेपर, चिंच, राख काहीही लावू नका. शिक्क्याच्या कडा एकदा गेल्या की कायमच्या गेल्या. मऊ सुती कापडाला थोडं हलकं मशिनचं तेल लावून रात्रभर त्या जागेवर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ करा, परत तेच करा. मग खोलीत अंधार करून टॉर्च अगदी तिरपा, धातूला जवळजवळ चिकटून धरा. सरळ उजेडात जे अक्षर दिसत नाही ते तिरप्या उजेडात सावलीने उठून येतं. तेव्हा मोबाईलने फोटो काढा. शिक्का उथळ असेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, ठसा उमटतो.

डावी बाजू विसरू नका. तुम्ही फक्त उजवी बाजू लिहून पाठवलीत, आणि तुमच्या बाबतीत डावीच जास्त महत्त्वाची ठरू शकते. १८८९ पासून मार्टिनीच्या जुन्या अ‍ॅक्शनवर .३०३ बोरची (बोर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप, इथे इंचात) नवी नळी बसवायला सुरुवात झाली. त्यांना मार्टिनी-मेटफर्ड आणि मार्टिनी-एनफिल्ड म्हणतात. या रूपांतर केलेल्या रायफलींच्या उजव्या अंगाला जुने शिक्के आणि जुनं साल तसंच राहतं, आणि नवी ओळख डाव्या अंगाला ठोकलेली असते. म्हणजे उजवीकडे १८७४ वाचून तुम्ही मार्टिनी-हेन्रीचं पुस्तक मागवाल आणि हातात प्रत्यक्षात मार्टिनी-एनफिल्ड असेल. .३०३ हा आपल्याकडे सामान्य नागरिकांना निषिद्ध बोर असल्याने हा फरक कागदपत्रांच्या दृष्टीनेही मोठा आहे.

आणखी काय बघायचं? बाणाच्या टोकासारखी खूण आणि तिच्याजवळ इंग्रजी आय असेल, तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची होती. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर सरकारने ती सेवेतून काढून विकली. नळीवर चाचणीचे शिक्के असतात: बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासूनचं, त्याचे १९०४ पर्यंतचे शिक्के मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड असलेले, आणि १९०४ नंतर ते बदलले. एवढ्या एका शिक्क्यावरून नळीचा काळ कुठल्या बाजूचा ते कळतं. नळीत मागून उजेड टाकून आतल्या पिळदार खाचा मोजा. अलेक्झांडर हेन्री यांच्या पद्धतीच्या नळीत सात असतात. एकही खाच दिसली नाही आणि आतून गुळगुळीत असेल, तर नळी झिजली आहे की मुद्दाम आतून घासून मोठी केली आहे, हे अनुभवी माणसालाच बघू द्या. लायसनसाठी गुळगुळीत करून घेतलेल्या नळ्या आपल्या भागात माझ्या हातात आल्या आहेत.

लायसनवरचं 'एसबीबीएल' म्हणजे एक नळीची, मागून भरायची बंदूक, यापलीकडे काही नाही. त्या खात्यात बारा बोरची एकनळीही बसते आणि मार्टिनीही. लिहिणाऱ्या कारकुनाने बंदूक हातात घेऊन लिहिलंय की जुन्या वहीतून उतरवलंय, हे आपल्याला कळत नाही. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या घरात असतील तर त्या सगळ्या एकत्र काढा. पिढ्यान्‌पिढ्या त्या पावत्यांवर नंबर आणि बोर कसा लिहिला गेला ते बघा. फरक दिसला तर तोही पुरावाच आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे तुमच्या आजोबांचे किंवा पणजोबांचे जुने कागद इंग्रजी-मराठीत असतील, नंतरचे कन्नडमध्ये. त्याही आधीचं मोडी असेल तर फेकू नका, वाचून घ्या. शहापूर सांगली संस्थानात होतं. अशा संस्थानी गावांच्या नोंदी वेगळ्या दप्तरात असतात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी कागद बघायला मिळतात. रायफल आजोबांकडे कशी आली, हे जगातलं कुठलंही पुस्तक सांगणार नाही. ते अशाच कागदांत असेल तर असेल.

एवढं झालं की मग पुस्तकं.

तुमच्या रायफलीसाठी, ती लष्करी मार्टिनी असल्याचं नक्की झालं तर, टेम्पल आणि स्केनर्टन या दोन लेखकांचा ब्रिटिश लष्करी मार्टिनीवरचा ग्रंथ हाच मुख्य आधार. पहिला खंड १९८३ चा, तो मार्टिनी-हेन्रीवर आहे. दुसरा १९८९ चा, त्यात .४० आणि .३०३ बोरच्या मार्टिनी येतात. म्हणून म्हटलं, आधी डावी बाजू बघा. नाहीतर चुकीच्या खंडावर पैसे जातील. या ग्रंथाचं मोल असं की लेखकांनी सरकारी नमुने, आदेश आणि प्रत्यक्ष रायफली या तिन्हींचा मेळ घातलाय. एनफिल्डचा सरकारी कारखाना, बर्मिंगहॅमची बीएसए, लंडनची एलएसए आणि नॅशनल आर्म्स या वेगवेगळ्या ठिकाणी बनलेल्या रायफलींतले फरक तिथे मिळतात. मूळ प्रती आता सहज मिळत नाहीत आणि मिळाल्या तर स्वस्त नसतात. स्केनर्टन यांनीच हत्यारं ओळखण्यासाठी पातळ पुस्तिकांची एक मालिका काढली, तीत मार्टिनीचीही पुस्तिका आहे. सुट्या भागांची चित्रं आणि मार्कमधले मुख्य फरक एवढंच हवं असेल, तर मोठ्या ग्रंथाआधी ती पुस्तिका घ्या. पुष्कळांचं काम तेवढ्यात होतं.

ब्रिटिश युद्धखातं प्रत्येक नव्या नमुन्याची, बदलाची अधिकृत सूचना काढायचं. त्या सूचनांची पुनर्मुद्रित संकलनंही स्केनर्टन यांनी केली आहेत. सालांच्या बाबतीत त्याहून वरचा पुरावा नाही. पण त्यातलं साल मंजुरीचं असतं, ते समजून घ्यावं लागतं. नमुना मंजूर झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी तो बेळगावच्या छावणीत आला असं नाही. १८५७ नंतर सरकारचं धोरणच असं होतं की गोऱ्या पलटणींना नवं हत्यार आणि देशी शिपायांना त्याआधीचं. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा देशी पलटणींकडे स्नायडर, आणि गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आल्यावर मार्टिनी देशी पलटणींकडे. त्यामुळे आपल्याकडच्या रायफलीचा भारतातला काळ हा पुस्तकातल्या मंजुरीच्या सालापेक्षा बऱ्याच वेळा मागाहूनचा असतो. इंग्लंडमध्ये बसून लिहिलेल्या पुस्तकांत ही गोष्ट ओझरती येते आणि आपल्याला तीच सगळ्यात जास्त लागते.

ग्रीनर यांचं बंदुकीच्या विकासावरचं जाड पुस्तक तुम्हाला नेटवर फुकट मिळेल. पहिली आवृत्ती १८८१ ची, नववी १९१० ची. ते जरूर वाचा, मला त्याचा फार लोभ आहे. त्या काळातल्या कारागिराच्या तोंडून ऐकायला मिळतं. पण एक भान ठेवा: ग्रीनर स्वतः बर्मिंगहॅमचे बंदुकवाले होते, मार्टिनीच्या अ‍ॅक्शनवर स्वतः बंदुका बनवून विकत होते. आपल्या मालाबद्दल आणि प्रतिस्पर्ध्याच्या मालाबद्दल लिहिताना त्यांचा तराजू एकसारखा राहिलेला नाही. यंत्राची रचना कशी होती यासाठी त्यांचा शब्द घ्या, कोणतं हत्यार श्रेष्ठ यासाठी दुसरीकडे पडताळा. आणि आवृत्ती कुठली हे लिहून ठेवा. १८८१ मधलं वाक्य आणि १९१० मधलं वाक्य यांच्यामध्ये सबंध धूरविरहित दारूचं युग उभं आहे.

नेटवर कुणी ना कुणी तुम्हाला जेम्स ग्रँट यांची पुस्तकं घ्यायला सांगेल. १९४७ पासून त्यांनी एकबारी रायफलींवर एकामागून एक पुस्तकं लिहिली, आणि अमेरिकन रायफलींसाठी त्यांचं नाव पहिलं घ्यायला हवं: शार्प्स, बॅलार्ड, स्टीव्हन्स, विंचेस्टर. पण आपल्या भागात अशा रायफली क्वचित. ब्रिटिश मार्गाने आलेल्या रायफलीसाठी ग्रँट घेऊन बसलात तर चारशे पानं वाचून हाती काही लागणार नाही. फ्रँक डी हास यांचं १९६९ चं पुस्तक मात्र कुणाही दुरुस्ती करणाऱ्याने बघावं असं आहे. लेखक स्वतः बंदुकीचे कारागीर. ठोकळा कसा खाली येतो, कुठे झिजतो, कुठला जोड कमजोर, हे त्यांनी हात घातलेल्या माणसासारखं लिहिलंय. त्याच पुस्तकातून साल काढायला जाऊ नका.

लष्करी नव्हे तर शिकारीची एकबारी रायफल असेल, तर रस्ताच वेगळा. तेव्हाचे कलेक्टर, वनाधिकारी, मळेवाले आणि संस्थानिक गिब्ज, अलेक्झांडर हेन्री, वेस्टली रिचर्ड्स अशा मेकरच्या रायफली वापरायचे. यांच्यावर वॉल विन्फर यांचे मेकरवार पाडलेले खंड आहेत. नळीवर फारकर्सन असं नाव दिसलं तर तो १८७२ चा पेटंटचा नमुना. ब्रिस्टलच्या गिब्ज यांनी त्या परवान्याने उत्तम रायफली बनवल्या. नळीवर पेटंटचं साल दिसलं की लोक तेच रायफलीचं साल धरतात; तसं धरू नका, पेटंटनंतर वीस-वीस वर्षंही तोच नमुना बनत राहतो. आणि दुसरं, नळीवर कलकत्त्याच्या मँटन, रॉडा किंवा लायन अँड लायन यांचं नाव असेल तर ते बऱ्याच वेळा विकणाऱ्याचं असतं. माल बर्मिंगहॅमला बनायचा, नाव इथल्या दुकानाचं कोरलं जायचं. अशी रायफल मेकरच्या नावाने पुस्तकात शोधली तर सापडत नाही. तिथे प्रूफचे शिक्के आणि नायजेल ब्राउन यांच्यासारख्यांची ब्रिटिश बंदुकवाल्यांच्या नावपत्त्यांची पुस्तकं कामाला येतात. पत्ता कुठल्या साली बदलला यावरून काळ पकडता येतो. हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडे जुन्या वह्या अजून आहेत. सीरियल नंबर कळवून शुल्क भरलं की नोंद कळते. अशा वेळी पुस्तकापेक्षा तो एक कागद जास्त भरवशाचा.

शिकारीच्या रायफलीबाबत आपल्या देशाची एक खास खूण आहे. १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० बोरवर बंदी घातली, कारण .४५० च्या गोळ्या बंडखोरांकडच्या मार्टिनी-हेन्रींत वापरल्या जातील अशी भीती. त्यामुळे मेकरांनी .४६५, .४७० असे नवे बोर काढले. एखादी .४५० ची शिकारी रायफल आपल्याकडे सापडली तर ती बहुधा त्याआधीची आलेली. बोर कळला की काळ कळतो, तो असा.

नकलीचं काय, हेही तुम्ही विचारलंत. मार्टिनीच्या बाबतीत प्रश्न रास्त आहे. वायव्य सरहद्दीवर, खैबरकडच्या कारागिरांनी हाताने हुबेहूब मार्टिनी बनवल्या, शिक्क्यांसकट. त्या फिरत फिरत कुठेही पोचतात. शिक्क्यांत एन उलटा कोरलेला, एनफिल्डचं स्पेलिंग चुकलेलं, अक्षरं एका ओळीत नाहीत, स्क्रूच्या खाचा ओबडधोबड, अशी चिन्हं बघा. सगळ्यात सोपी कसोटी: व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, ती जानेवारी १९०१ मध्ये वारली. व्ही.आर. खाली १९०५ असेल तर विषय संपला. तुमच्या १८७४ ला ही अडचण नाही.

आणि एक फसगत खास आपल्यासारख्यांची. रायफलीवर देवनागरी आकडे किंवा अक्षरं दिसली की आपण लगेच म्हणतो, आपल्या संस्थानची. असूही शकते. पण नेपाळच्या सैन्याकडेही मार्टिनी होत्या आणि तिथे बनलेल्या गहेंद्र रायफली बाहेरून थेट मार्टिनीसारख्याच दिसतात, आतली रचना वेगळी. त्यांच्यावरही देवनागरी असते आणि साल विक्रम संवतात असतं. संवताचा आकडा इसवी सन समजून वाचला तर सत्तावन्न वर्षांची गडबड होते. अशा वेळी इंग्लंडच्या लष्करी मार्टिनीचं पुस्तक उघडून ठेवा आणि आतला ठोकळा त्यातल्या चित्राशी ताडून बघा. बाहेरच्या आकारावर जाऊ नका.

तुम्ही उतरवून घेतलेलं पुस्तक ठेवायचं की टाकायचं, हे कसं ठरवायचं? मी नवं पुस्तक हातात आलं की आधी मला पक्की माहीत असलेली एखादी रायफल त्यात काढतो. तिच्याबद्दल लेखकाने काय लिहिलंय, शिक्क्यांचे खरे फोटो आहेत की नुसती रेखाटनं, मंजुरीचं साल आणि उत्पादनाचं साल वेगळं केलंय का, माहिती कुठून घेतली ते सांगितलंय का. जिथे खात्री नाही तिथे तसं लिहिणारा लेखक मला जास्त आवडतो. प्रत्येक वाक्य छातीठोक असेल तर मी सावध होतो. किमतींचे तक्ते असलेली परदेशी पुस्तकं आपल्याला निरुपयोगी. तिथला बाजार वेगळा, कायदा वेगळा. नेटवरच्या फुकट प्रतींत चित्रांची पानं गाळलेली असतात आणि स्कॅनमध्ये आकडे बिघडतात, १८७१ चं १८७७ होतं. फुकट प्रत वापरायचीच तर पानाचं मूळ छायाचित्र बघा, यंत्राने उतरवलेला मजकूर नको.

बेळगावात बसून ही पुस्तकं मिळवायची कशी? नवीन मागवण्याआधी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत चौकशी करा. एका ग्रंथालयातून दुसऱ्यासाठी पुस्तक मागवता येतं, फक्त ग्रंथपालाला नाव, लेखक, साल नेमकं लिहून द्यायला लागतं. सार्वजनिक वाचनालयात जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर वाचा, १८८४ चं. त्यात रायफली नाहीत, पण तुमच्या भागातलं जंगल, शिकार आणि तेव्हाचे अधिकारी आहेत, आणि आजोबांच्या वाडवडिलांचं जग कळतं. जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून मागवत असाल तर पैसे देण्याआधी शीर्षकपानाचा आणि त्यामागच्या पानाचा फोटो मागा. एकाच नावाचं पुस्तक सुधारून दोन-तीनदा निघालेलं असतं आणि विकणाऱ्याला फरक माहीत नसतो. महाग पुस्तक एकट्याने घेण्याऐवजी तीन-चार जणांनी मिळून घ्या. आपल्या भागात अशी रायफल असलेलं तुमचं एकटंच घर नाही. पीक संरक्षणाच्या लायसनवर रानडुकरांसाठी जुनी बंदूक बाळगणारे शेतकरी जांबोटी, कणकुंबीकडे कितीतरी आहेत.

आता दोन गोष्टी ज्या कुठल्याही पुस्तकाच्या आधी येतात. पहिली, ही रायफल उडवू नका. मूळ काडतूस .५७७/४५० चं, ८५ ग्रेन काळ्या दारूचं, आणि नळी त्याच दाबासाठी तपासलेली. त्यात आजची दारू घातली किंवा 'बसतंय की' म्हणून दुसरं काडतूस कोंबलं, तर अ‍ॅक्शन तोंडाजवळ फुटू शकते. काडतुसांच्या संदर्भपुस्तकांत मापं असतात, ती ओळखण्यासाठी वापरा.

दुसरी, कायदा. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट जुन्या नमुन्याच्या किंवा पुरातन हत्याराला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा स्थितीत असावं लागतं. तुमच्या मार्टिनीची तरफ चालते, ठोकळा सरकतो. मग ती जुनी आहे एवढ्यावर सूट मिळत नाही. कोडगूमध्ये कोडव लोकांना लायसनमधून सवलत आहे, ती आपल्याला लागू नाही. आजोबा हयात नसतील आणि लायसन अजून त्यांच्याच नावावर असेल, तर वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात, शहर हद्दीत असाल तर पोलीस आयुक्तालयात, आधी अर्ज करावा. बंदूक तोवर कुठे ठेवायची हे तिथूनच लेखी घ्या. आणि विकत घेऊ म्हणणारा कुणी परदेशी संग्राहक आला, तर शंभर वर्षांवरची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

म्हणजे तुमच्यापुरता क्रम असा: आधी लायसन सरळ करा, मग शिक्के साफ करून दोन्ही बाजू, नळीची मुळाशी असलेली बाजू आणि तरफेची लांबी यांचे फोटो काढा. डाव्या अंगाला .३०३ ची खूण नसेल तर मार्टिनीची पातळ पुस्तिका मागवा. ती वाचूनही प्रश्न उरले तर टेम्पल-स्केनर्टनचा पहिला खंड. .३०३ ची खूण असेल तर थेट दुसरा खंड, आणि लायसनवरचा बोर दुरुस्त करून घ्यायचं काम त्याच्याही आधी. फोटो इथे टाकताना सीरियल नंबर आणि घराचा पत्ता झाका.